दहापैकी दहा

सुतारकाकांनी “दहा” म्हटलं तेव्हा फुंकाबाईचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

“किती?” तिने पुन्हा विचारलं.

“दहा,” काका हसत म्हणाले. “दहापैकी दहा लिहा.”

प्रश्न जुनाच होता. एक शिडी आहे असं समजा. अगदी वाईट आयुष्य म्हणजे तळाची शून्य पायरी, अगदी चांगलं म्हणजे वरची दहावी. आज तुम्ही कुठे उभे आहात? गेली अठरा वर्षं, दर दोन वर्षांनी, ती हा प्रश्न या घरात विचारत आली होती आणि काकांची उत्तरं तिला पाठ होती. तीन, चार, चार, तीन. लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी साडेचार. अर्धा आकडा चालत नाही म्हटल्यावर “मग चारच लिहा, उगाच चढवून कशाला सांगू” असं गुरगुरले होते. शिवाय प्रत्येक आकड्याला एक कारण असायचं आणि ते न विचारता मिळायचं. समोरच्या इमारतीच्या जिन्याचा कठडा वाकडा बसवलाय आणि तो मला रोज बघावा लागतो. जावई हातोडी मुळाशी धरतो. बायको चहात साखर अंदाजाने घालते.

“आणि कारण?” आज तिनेच विचारलं. खरं तर तसं विचारायचं नसतं.

“कारण कसलं? मस्त चाललंय सगळं.”

दाराशी उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा खुलला. फुंकाबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

फुंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या आरोग्य पाहणीत ती नोकरीला होती. माणसं कशी म्हातारी होतात, कशाने खचतात, कशाने बरी राहतात हे समजून घ्यायला चार गल्ल्यांमधली तीनशे अकरा घरं निवडलेली होती. त्या घरांतली माणसं मोजायची, दोन वर्षांनी परत मोजायची, हे तिचं काम. वजन, कंबर, रक्तदाब, मुठीची पकड, चालण्याचा वेग. आणि एक नळी, जिच्यात छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. लोक अर्ध्यातच सोडून देतात, म्हणून ती शेजारी उभी राहून ओरडायची, “फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पहिल्याच वर्षी कोणीतरी नाव पाडलं. आधी तिला राग आला, मग सवय झाली, आणि हल्ली तर फोनवर ती स्वतःच “मी फुंकाबाई बोलतेय” म्हणायची. खरं नाव सांगितलं की लोक “कोण?” म्हणून विचारत.

कामाचा एक कडक नियम होता. मोजायचं, लिहायचं, निघायचं. आकड्याचा अर्थ सांगायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. रक्तदाब ठरावीक रेषेच्या वर गेला तर एक छापील चिठ्ठी द्यायची, बस. हा नियम तिने कायम पाळला होता आणि एका घरी पाळलेला तिला अजून छळत होता. दुसऱ्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई होती. एका खेपेला वजन एकसष्ट, पुढच्या खेपेला सत्तावन्न, त्यापुढच्या खेपेला बावन्न. “बारीक झाले ना? छान दिसतेय ना?” असं म्हणत ती काट्यावरून उतरायची आणि शिडीवर आठ सांगायची. फुंकाबाईने बावन्न लिहिलं आणि निघाली. पुढच्या खेपेला दार नवऱ्याने उघडलं. अशा वेळेसाठी कागदावर कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. तिने त्यात फुली मारली. फुली मारायला जितका वेळ लागतो तितकाच लागला, हे तिला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिलं.

काकांच्या घरी शेवटची चाचणी वासाची होती. पेनासारख्या बारा कांड्या. टोपण काढून एकेक नाकाखाली धरायची आणि समोरच्या चार चित्रांपैकी एक निवडायला सांगायचं. गेल्या खेपेला काकांनी अकरा ओळखल्या होत्या आणि बाराव्या कांडीवरून भांडण काढलं होतं: हा लिंबाचा वास नाही, लिंबाच्या साबणाचा आहे, कळवा तुमच्या वरच्यांना. आज तिने पहिली कांडी धरली.

“छान,” काका म्हणाले.

“कसला वास आहे?”

“छान आहे.”

“या चित्रांतलं कोणतं?”

त्यांनी बघितल्यासारखं करून गुलाबावर बोट ठेवलं. दुसरीलाही गुलाब. चौथी कांडी टर्पेंटाइनची होती. पॉलिशमध्ये चाळीस वर्षं हात बुडवलेला माणूस तो वास झोपेतही सांगेल. काकांनी केळ्यावर बोट ठेवलं आणि शाबासकी मिळायची वाट पाहत असल्यासारखे तिच्याकडे बघू लागले.

मग तिला स्वतःला एक वास आला आणि तो कांडीचा नव्हता. घरामागच्या काकांच्या कारखान्यातून करपट, घशात अडकणारा धूर येत होता. ती धावली. लाकूड जोडायच्या सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलेलं, तळ लाल झालेला, वरचा सरस काळा होऊन फुगत होता, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर भुशाचा ढीग. तिने गॅस बंद केला, भांडं चिमट्याने उचलून मोरीत टाकलं. परत आली तेव्हा काका तिथेच, तसेच बसले होते.

“झालं का?” त्यांनी प्रेमाने विचारलं.

“सर्दी झालीय त्यांना,” काकू घाईघाईने म्हणाल्या. तिला पोचवायला बाहेर आल्यावर त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. “ताई, सहा महिने झाले, या घरात आवाज चढलेला नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. भाजीत मीठ राहिलं तरी जेवतात. काल माझा हात धरून बसले होते. एवढ्या उशिरा का होईना, मला हे दिवस दिसले. तुम्ही त्याला दृष्ट लावू नका.”

ऑफिस एका औषधांच्या गोदामावर होतं. तिथल्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. कधी कोणावर ओरडत नसत, म्हणूनच सगळे त्यांना घाबरत. फुंकाबाईने कागद पुढे ठेवले. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ वाचली.

“रक्तदाब ठीक, पकड ठीक. समाधान चारवरून दहा. चांगलं आहे की.”

“वास शून्य आहे, बाई.”

“त्रेसष्ट वय आहे. नाकं जातात. सर्दी होती असं तुम्हीच लिहिलंय.”

“ती काकूंनी सांगितली. मला दिसली नाही.” फुंकाबाईने कंबरेच्या मापावर बोट ठेवलं. “मी टेप तिरका धरला होता, बाई, मुद्दाम. एरवी त्यांनी माझा हात झटकला असता, आज काही बोलले नाहीत.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, “हे बघा, तुम्हाला वाईट वाटतंय ते मला कळतं. पण तुम्ही घराघरात असा हात घालू लागलात तर आपण जे मोजतोय ते माणसांचं आरोग्य राहणार नाही, तुमच्या काळजीचं मोजमाप होईल. अठरा वर्षांचं काम आहे. आणि समजा तुम्ही गेलात, तर सांगणार काय? तुम्ही फार आनंदी आहात, डॉक्टरकडे जा?”

फुंकाबाईने कागद उचलले. संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो बस चालवायचा, दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन यायचा. तो म्हणाला, “मी कधी दहा म्हटलं तर मात्र तू लगेच ॲम्ब्युलन्स बोलाव.” ती हसली. पण मग तिने स्वयंपाकघरातून लवंग आणली आणि त्याला डोळे मिटायला लावून नाकाखाली धरली. त्याने बरोबर ओळखली, तरी तिने पुन्हा एकदा धरून बघितली.

चौथ्या दिवशी कंबरेचं माप लिहायचं राहिलं असं खोटं सांगून ती पुन्हा गेली. कारखान्याच्या दाराशी एक गिऱ्हाईक तावातावाने बोलत होतं. सहा दारं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. नवी, पॉलिश केलेली, देखणी. त्यांतल्या चार दारांना बिजागऱ्या आणि कडी एकाच बाजूला लावलेल्या होत्या.

“हे दार उघडायचं कसं, ते तरी दाखवा!” गिऱ्हाईक म्हणत होतं.

“लावू की,” काका हसत म्हणाले. “दोन्हीकडे लावू.”

ते आत यायला वळले आणि त्यांचा उजवा खांदा चौकटीवर आपटला. ही चौकट त्यांनी स्वतः बसवलेली, तिच्यातून दिवसातून पन्नास वेळा जाणारे. चांगलाच आपटला, आवाज झाला. त्यांनी खांदा चोळलासुद्धा नाही. तेवढ्या वेळात फुंकाबाईने पाहिलं की त्यांची दाढी डाव्या गालावर गुळगुळीत होती आणि उजव्या गालावर आठवड्याची वाढलेली होती.

तिने काकूंना स्वयंपाकघरात गाठलं आणि अठरा वर्षांत कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. “काकू, त्यांना डॉक्टरकडे न्या. डोक्याचा फोटो काढायला सांगा.”

काकू भांडी विसळत होत्या. त्या थांबल्या नाहीत. “कशासाठी?”

“त्यांना वास येत नाही. एका बाजूचं दिसत नाही. आणि...”

“आणि ते हसतात,” काकूंनी वाक्य पुरं केलं. नळ बंद केला. “मला काय दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? गेल्या महिन्यात धाकटे दीर गेले. यांनीच लहानाचं मोठं केलेलं पोर ते, हाताला धरून काम शिकवलेलं. फोन मीच घेतला. यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. ‘बरं’ म्हणाले. आणि म्हणाले, अजून वाढ.”

बाहेरून काकांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा.

“त्या दिवशी मला भीती वाटली,” काकू म्हणाल्या. “पण लगेच ते मागून आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, तू दमलीस. ताई, चौतीस वर्षं मी या माणसाची पावलं ऐकून घाबरत होते. मारलं कधी नाही, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस मी बरोबर नव्हते. एकही दिवस. आणि आता तुम्ही सांगताय की हा आजार आहे, हा बरा करून आणा?”

“सरस जळत होता, काकू.”

“मी बघते सरसाकडे. तुम्ही या आता.”

दार तिच्या तोंडावर आपटलं नाही, हळूच लागलं. ते जास्त लागलं तिला.

पुढचे नऊ दिवस फुंकाबाईने वाट वाकडी करून त्या गल्लीतून जाणं चालू ठेवलं. आत जायचं धाडस नव्हतं. ती समोरच्या बाजूने चालायची आणि कान द्यायची. रंध्याचा आवाज नाही, हातोडीचा नाही. तीच ओळ, तोच सूर. सातव्या दिवशी काका दाराबाहेर खुर्ची टाकून उन्हात बसलेले दिसले. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं आणि ते डोळे मिटत नव्हते. तिने हात हलवला, त्यांनीही हलवला. ती गल्लीचं टोक गाठून वळली तरी त्यांचा हात हलतच होता.

दहाव्या दिवशी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. काकू होत्या. आवाज इतका शांत की फुंकाबाईला तो आधी ओळखूच आला नाही.

“ताई, ते आत्ता स्वयंपाकघरात आले. चहा झाला का म्हणाले. हातातून रक्त ठिबकत होतं. अंगठ्याचं टोक नाहीये. करवतीचं यंत्र अजून चालू आहे, मला बंद करता येत नाही. आणि ते चहाची वाट बघत बसलेत.”

मोठ्या बाई समोरच्या टेबलाशी होत्या. फुंकाबाईने पर्स उचलली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फक्त सुतारांची फाइल कपाटातून काढून आपल्या खणात ठेवली.

दवाखान्यात अंगठ्याला टाके घालणाऱ्या डॉक्टरला फुंकाबाईने सगळं सांगितलं: कांड्या, खांदा, दाढी, बिजागऱ्या. नियम मोडायचाच तर अर्धवट कशाला. टाके घालून होईपर्यंत काका त्या डॉक्टरची विचारपूस करत होते. संध्याकाळी डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या सर्जनने तो उजेडावर लावला. कपाळाच्या मागे, नाकाच्या मुळाच्या वर, एक पांढरा गोल होता. मोठ्या लिंबाएवढा.

“वाईट जातीची गाठ वाटत नाही,” सर्जन म्हणाले. “हळूहळू वाढत आलीय, कदाचित आठ-दहा वर्षं. पण आता ती मेंदूचा पुढचा भाग दाबतेय आणि डोळ्याची शीरही. राहू दिली तर दोन्ही डोळे जातील, आणि मग जीव.”

“आठ-दहा वर्षं?” काकूंनी विचारलं. “मग आधीचा राग... तोही हिचाच का?”

सर्जनना प्रश्न नीट कळला नसावा. “लग्नाला किती वर्षं झाली?”

“चौतीस.”

“नाही हो. तेवढी जुनी नाही.”

काकूंनी मान हलवली. सहीचा कागद त्यांच्यापुढे आला. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “काढा की, तुमची हौस होऊ दे.” पेन हातात धरून काकूंनी आणखी एक प्रश्न विचारला. “काढल्यावर ते पूर्वीसारखे होतील?”

“आम्ही पूर्ण प्रयत्न करू,” सर्जन त्यांना धीर देत म्हणाले. “अगदी पूर्वीसारखे.”

फुंकाबाई शेजारी उभी होती. काकूंनी सही करेपर्यंत किती वेळ गेला ते तिने मोजलं नाही. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं होतं.

शस्त्रक्रिया सात तास चालली. उजवा डोळा वाचला नाही आणि वास कायमचा गेला. एका मोठ्या शिरेला चिकटलेला बारीक तुकडा काढता आला नाही; तो तसाच सोडून दिला होता. तो वाढेल किंवा वाढणारही नाही, दर सहा महिन्यांनी फोटो काढून बघायचं, असं सांगण्यात आलं. पंधरा दिवस काका नुसते छताकडे बघत होते. सोळाव्या दिवशी सकाळी नर्सने त्यांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी उरलेल्या डोळ्याने खोली न्याहाळली आणि म्हणाले, “ही खाट भिंतीला सरळ नाही.”

घरी आल्यावर ते धाकट्या भावासाठी रडले. अडीच महिने उशिरा, तीन दिवस, दार लावून. मग त्यांनी ती सहा दारं बघितली, गिऱ्हाइकाला निरोप धाडला, आणि एका डोळ्याने, टोक नसलेल्या अंगठ्याने, दुप्पट वेळ लावून सगळी नव्याने केली. चहात साखर पुन्हा जास्त झाली. लेकीला फोनवर काकू म्हणाल्या, “हो, एकदम बरे आहेत,” आणि लेकीने देवाचे आभार मानले.

पाहणीतून ते घर काढून टाकण्यात आलं. जिथे मोजणाऱ्यानेच ढवळाढवळ केली तिथले आकडे धरता येत नाहीत. मोठ्या बाईंनी पत्रावर सही केली, फुंकाबाईला समज दिली, आणि तिच्या गल्ल्या मात्र तिच्याकडेच ठेवल्या. तीनशे दहा घरं उरली. ती पूर्वीसारखीच ओरडायची, फुंका, फुंका. पण शिडीचा प्रश्न आला की तिचा आवाज खाली यायचा. कोणी नऊ म्हटलं की ती मान वर करून त्यांच्याकडे नीट बघायची. लोकांना ते आवडत नसे.

सहा महिन्यांनी काकूंचा फोन आला. “उद्या फोटो काढायचाय. याल का? लेकीला नाही सांगितलं.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर दोघी बसल्या. काका आत होते. काकू बारीक झाल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

“काय झालं, काकू?”

“मंगळवारी,” काकू म्हणाल्या आणि थांबल्या. “मंगळवारी सकाळी मी खिडकीशी बसून शिवत होते. ते कारखान्यातून आले. थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, उजेडात तू छान दिसतेस.”

फुंकाबाईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“हातातली सुई पडली माझ्या,” काकू म्हणाल्या. “तेव्हापासून झोप नाही. नाकाखाली काय काय धरून बघितलं असतं, पण नाक तर आता नाहीच. मुद्दाम आमटी खारट केली. ओरडले. जरा बरं वाटलं. पण रात्री पाय दुखतात म्हटलं तर तेल घेऊन आले. मी नको म्हटलं, ओरडूनच म्हटलं. ताई, ते गोड बोलले की मला त्यांच्या कपाळामागे ते पांढरं लिंबू दिसतं. तुमच्याकडे काही यंत्र नाही का?”

फुंकाबाईच्या पिशवीत टेप होता, नळी होती, पकड मोजायचा दांडा होता, बारा कांड्या होत्या. ती म्हणाली, “नाही, काकू.”

त्या पाऊण तास बसल्या. समोरचं दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा दुसरंच कोणी बाहेर आलं. तिसऱ्यांदा सर्जन स्वतः आले. हातात पाकीट होतं.

“तुकडा आहे तेवढाच आहे,” ते म्हणाले. “तसूभरही वाढलेला नाही. सूज नाही, दाब नाही. उत्तम आहे.”

काकू उठल्या नाहीत. सर्जन गेले, त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरला, तरी त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी फुंकाबाईकडे तोंड वळवलं.

“म्हणजे,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ते खरंच म्हणाले?”

आतून काकांचा आवाज आला. कपडे बदलायच्या खोलीचं दार चौकटीला घासतंय, कोणी बसवलं, म्हणून ते वॉर्डबॉयला फैलावर घेत होते. काकूंनी पदर सारखा केला. पाकीट फुंकाबाईच्या मांडीवर होतं. पुढची तारीख त्यावर आधीच लिहिलेली होती, सहा महिन्यांनंतरची. तिने ते उलटं करून ठेवलं आणि काका भिंतीला हात लावत बाहेर येईपर्यंत दोघी दाराकडे बघत राहिल्या.